चादर शाबूत, इलॅस्टिक गेलेलं



या भाषणाचं ठरलं तेव्हा कार्यक्रम पाहणाऱ्या बाईंनी मला फोनवर विचारलं, "कशावर बोलणार?" मी म्हटलं, "इलॅस्टिकवर." पलीकडे क्षणभर शांतता. मग त्या म्हणाल्या, "लवचिकता, म्हणजे योगासनांवर का?" म्हटलं, "नाही हो, गादीवर घालायच्या चादरीच्या इलॅस्टिकवर. ते सैल पडतं ना, ते बदलायचं कसं, यावर." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "आमच्या घरी अशा तीन चादरी पडून आहेत."

तुमच्याही घरी असतील. चार कोपऱ्यांना घट्ट बसणारी चादर आपण हौसेनं आणतो. दोन-तीन वर्षं ती छान बसते. मग एक दिवस सकाळी उठून पाहावं, तर एक कोपरा वर आलेला. आपण तो पुन्हा खाली सरकवतो. महिन्याभरात दुसरा कोपरा येतो. शेवटी चादर कपाटाच्या तळाशी जाते, कारण कापड चांगलं असतं, टाकवत नाही. आणि बसत नाही, म्हणून वापरवत नाही. माझ्याकडेही अशा दोन चादरी होत्या. तशाच पडून राहिल्या असत्या. पण 2016 सालच्या आषाढात आमच्या सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या.

त्यांना मी आईच म्हणत असे. वय तेव्हा 81. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन व्यवस्थित झालं, पण घरी आल्यावर पायात म्हणावा तसा जोर आला नाही. दिवसातला बराच वेळ अंथरुणावर जाऊ लागला. पुढच्या खोलीत खिडकीजवळ त्यांची कॉट लावली. त्यावर सहा फूट बाय तीन फुटांची फोमची गादी आणि गादीवर नणंदेनं पूर्वी दिलेली इलॅस्टिकची सुती चादर.

जखमेचं ड्रेसिंग करायला एक सिस्टर येत. दहाव्या-बाराव्या दिवशी आईंना कुशीवर वळवून पाठ पुसताना त्यांनी मला जवळ बोलावलं. माकडहाडावर रुपयाच्या नाण्याएवढा लाल डाग होता. त्यांनी तो बोटानं दाबला, सोडला आणि म्हणाल्या, "दाबल्यावर जागा पांढरी पडते आणि लाली परत येते, तोवर वेळ आहे. दाबूनही लालच राहिली तर समजायचं, आत इजा सुरू झाली." सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, तेव्हा जागा हातानं चाचपून गरम किंवा कडक लागते का तेही पाहायचं, हे त्यांनी त्याच वेळी सांगितलं. मग त्यांनी आईंच्या खालच्या चादरीवर तळहात फिरवला. तिथे बोटाएवढ्या जाडीची एक वळकटी जमली होती. नेमकी माकडहाडाखाली.

"दर दोन तासांनी कूस बदला. ओलं राहू देऊ नका. आणि अंथरुणावर सुरकुती नको," एवढं सांगून त्या गेल्या.

पहिल्या दोन गोष्टी मी घड्याळ लावून करू लागले. तिसरी काही केल्या जमेना. चादर सकाळी ताणून घालावी, तर दुपारपर्यंत कोपरे वर. आईंना कूस बदलायला लावली, की त्या टाचेनं रेटा देत आणि सगळं कापड मध्यभागी गोळा होई. साधी चादर गादीखाली खोचून पाहिली. दोन-तीनदा कूस बदलली, की तीही निघायची. बाजारातून नवी इलॅस्टिकची आणली, ती मिश्र धाग्याची. बसायची छान, पण आईंची पाठ घामानं ओली होई. जुन्या सुती चादरी मऊ होत्या, घाम टिपत होत्या. त्यांचं फक्त इलॅस्टिक गेलं होतं.

ती चादर घेऊन मी आमच्या नेहमीच्या शिंप्याकडे गेले. त्यांनी कड ओढून पाहिली. चरचर आवाज आला. "ताई, हे उसवून पुन्हा घालायचं म्हणजे तेवढ्या वेळात माझे दोन ब्लाउज होतात. नवीच घ्या ना." फॉल-पिको करणाऱ्या ताईंकडे गेले, तर त्यांच्याकडे श्रावणाच्या साड्यांचा ढीग. त्यांनी पंधरा दिवसांनी यायला सांगितलं. माझ्याजवळ पंधरा दिवस नव्हते. खरं सांगते, घरी येऊन मी चादर खुर्चीवर टाकली आणि रडायच्या बेताला आले.

आईंनी अंथरुणातूनच विचारलं, "काय म्हणाला शिंपी?"

"नवी घ्या म्हणाले."

"बघू ती इकडे." त्यांनी चादरीचा मधला भाग दोन्ही हातांत धरून खिडकीच्या उजेडाकडे केला. आरपार पाहिलं. "कापडाला काय झालंय? नाडी तुटली म्हणून कुणी परकर टाकून देतं का गं?"

माझं शिवणकाम म्हणजे बटण लावणं आणि उसवलेली शिवण कशीबशी घालणं. नोकरीच्या धबडग्यात मशीन कधी उघडलंच नव्हतं. मशीन आईंचं, पायानं चालवायचं. ते कॉटशेजारी ओढलं आणि आई पडल्या पडल्या सांगत गेल्या, तसं मी करत गेले. त्या आठवड्यात मी जे शिकले, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

पहिली गोष्ट, कापड पाहायचं. चादर उजेडाकडे धरा. मधे, जिथे अंग टेकतं तिथे, कापड जाळीसारखं विरलं असेल तर इलॅस्टिक घालण्यात अर्थ नाही. कडेचं कापड चांगलं असतं, त्याचे उशीचे अभ्रे करा. मधलं पुसायला घ्या. पण मधलं कापड दाट असेल तर ती चादर अजून काही वर्षं वापरता येईल.

दुसरी गोष्ट, इलॅस्टिक घातलंय कसं ते पाहायचं. काही चादरींना कडेनं नेफा असतो आणि त्यात इलॅस्टिक ओवलेलं असतं. काहींना ते कापडावर ताणून थेट शिवलेलं असतं. माझ्या नशिबानं दोन चादरी दोन तऱ्हेच्या होत्या, म्हणून दोन्ही शिकले.

नेफ्याची चादर सोपी. एका कोपऱ्याजवळ नेफ्याची टीप दोन इंच उसवायची. तेवढंच, जास्त नाही. माझी पहिली हुशारी अशी, की जुन्या इलॅस्टिकच्या टोकाला नवं शिवून टाकू आणि जुनं ओढत गेलं की नवं आपोआप आत जाईल. आई म्हणाल्या, "जुनं मेलेलं आहे, ते काय ओढणार?" मी ऐकलं नाही. हातभर आलं आणि आतच तुटलं. मग दोन्हीकडून चिमटीनं तुकडे तुकडे काढत बसले. तेव्हा जुनं आधी पूर्ण बाहेर काढा. नवं ओवायला मोठी सेफ्टी पिन घ्या. बारीक पिन आत उघडते आणि मग ती शोधण्यात अर्धा तास जातो. आईंच्या शिवणाच्या डब्यात यासाठी एक जुना टूथब्रश होता. ब्रशचे केस केव्हाच काढून टाकलेले, पण दांड्याच्या टोकाला भोक. परकराच्या नाड्या घालायला आपल्याकडे घरोघरी तेच वापरत. आता बहुतेक टूथब्रशांना ते भोक नसतं.

आणखी एक. इलॅस्टिकचं मागचं टोक नेफ्याच्या तोंडाशी पिनेनं अडकवून ठेवा. मी नाही अडकवलं. सबंध फेरी पूर्ण करून पुढचं टोक विजयानं बाहेर काढलं, तर मागचं टोक आत गडप झालेलं. आई हसल्या. पडल्यापासून पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या असतील. पुन्हा पहिल्यापासून ओवलं.

आता इलॅस्टिक किती घ्यायचं? आमची गादी 72 इंच बाय 36 इंच. चारी बाजू मिळून 216 इंच. चादरीची कडही साधारण तेवढीच असते. सगळ्या कडेनं इलॅस्टिक फिरवायचं असेल, तर त्याच्या दोन तृतीयांश लांबी पुरते. म्हणजे 144 इंच, 12 फूट. दुकानात मीटरनं मिळतं, तेव्हा चार मीटर घ्यावं. तुमची गादी साडेसहा फूट बाय पाच फूट असेल, तर कड होते 276 इंच आणि इलॅस्टिक लागतं 184 इंच. पाच मीटर घेतलं की झालं.

हा हिशेब मला आईंनी सांगितला होता. पण सैल इलॅस्टिकनं मी इतकी गांजले होते, की म्हटलं चांगलं घट्ट करू, निम्मंच घालू. 108 इंचांवर कापलं, शिवलं, चादर चढवली, आणि गादीचे चारी कोपरे वर आले. होडीच झाली गादीची! आई त्या होडीकडे पाहून म्हणाल्या, "मला आता पंढरपूरला पोचवतेस की काय?" कापलेला तुकडा पुन्हा जोडावा लागला. तेव्हा, मैत्रिणींनो, कात्री शेवटी लावायची. आधी टोकं पिनेनं जोडा, चादर गादीवर चढवा, चारी बाजूंनी पाहा, आणि मगच कापा.

जोडताना गाठ मारू नका. गाठ नेफ्यात अडकते आणि काही धुण्यांनी सुटते. दोन्ही टोकं इंचभर एकावर एक ठेवायची, पीळ पडलेला नाही ना ते पाहायचं आणि चौकोनी टीप मारायची. मग चुण्या सगळीकडे सारख्या पसरवायच्या आणि चारी कोपऱ्यांवर नेफ्यावरून इलॅस्टिकसकट एकेक आडवी टीप द्यायची. त्यानं इलॅस्टिक आत गोल फिरत नाही आणि सगळ्या चुण्या एका बाजूला जमत नाहीत.

राहिलं नेफ्याचं तोंड. ते मी मशीनवर घेणार, तेवढ्यात आई म्हणाल्या, "थांब. तिथे मशीन मारू नकोस. हातानं कच्चा टाका घाल. आणि लाल दोऱ्यानं घाल."

"पांढऱ्या चादरीला लाल?"

"पुढच्या वेळी शोधायला नको."

मला तेव्हा ते विचित्र वाटलं. आताच कुठे एक काम संपतंय आणि या पुढच्या वेळेचं बोलतायत. पण घातला लाल टाका.

दुसरी चादर अवघड होती. इलॅस्टिक कापडावर थेट शिवलेलं. ते उसवायला बसले, तर तासाभरात वीतभर झालं. आईंनी ते थांबवलं. म्हणाल्या, "कडेची पट्टी कापूनच टाक." पण पट्टी कापली तर चादर गादीखाली पुरेशी जाईना. मग त्यांनी त्यांची एक जुनी सुती नऊवारी काढायला लावली. नऊ वार म्हणजे 324 इंच. मला हव्या होत्या 216 इंच आणि शिवणीपुरत्या तीन-चार. काठाच्या बाजूनं दोन इंच रुंदीची लांबच लांब पट्टी कापली. कुठे जोड नाही. एक कड काठाची असल्यामुळे तिचे धागे सुटणार नाहीत. आणि असंख्य वेळा धुतलेलं कापड, आता आटायचं राहिलंय कुठे? नवी पट्टी लावली असती तर ती आधी भिजवून आटवून घ्यावी लागली असती. ती पट्टी दुहेरी मुडपून चादरीच्या कडेला जोडली, की तोच नेफा. त्यात अर्धा इंच रुंदीचं इलॅस्टिक आरामात गेलं. मग पुन्हा चार कोपरे आणि पुन्हा लाल टाका.

इलॅस्टिक आणायला मी तुळशीबागेत गेले होते. तिथल्या दुकानदारानं चार गुंडाळ्या पुढ्यात टाकल्या. मला सगळ्या सारख्याच वाटल्या. त्यांत फरक असतो आणि तो ओळखायला सोपा आहे. ओढून पाहायचं. ओढल्यावर अरुंद होतं ते गोफासारखं विणलेलं. हे नेफ्यात ओवायला ठीक, पण त्यावर सुई चालवली तर आतले रबरी धागे तुटतात आणि ते लवकर सैल पडतं. ओढल्यावरही रुंदी तशीच राहते ते मागावर विणलेलं. ते दणकट असतं. तिसरं, मोज्यासारख्या विणीचं, मऊ असतं आणि कापडावर थेट शिवायला चालतं. घेताना हातभर तुकडा दुपटीनं ताणून सोडा आणि पहिल्या लांबीवर परत येतो का ते बघा. चरचर वाजलं, किंवा कडेला रबराचे पांढरे धागे डोकावत असले, तर ते दुकानातच शिळं झालेलं आहे. अर्ध्या इंचाचं चार मीटर मला तेव्हा साठ रुपयांच्या आत मिळालं. नवी चादर नऊशेची होती.

हे इलॅस्टिक मरतं कशानं, असा मला नंतर प्रश्न पडला. थोडं वाचलं. थॉमस हॅनकॉक नावाच्या इंग्रज माणसानं 1820 मध्ये हातमोजे, मोजे, बूट यांना लावायच्या रबरी पट्ट्यांचं पेटंट घेतलं. पण कच्चं रबर ते. थंडीत कडक व्हायचं, उन्हाळ्यात चिकट व्हायचं. 1839 मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला गंधकाबरोबर रबर तापवण्याची युक्ती सापडली, त्यानं ते टिकाऊ झालं. पुढे 1958 मध्ये अमेरिकेतल्याच ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी स्पँडेक्स हा कृत्रिम ताणणारा धागा तयार केला. त्याला आपण लायक्रा या नावानं ओळखतो. आपल्या इलॅस्टिकमध्ये यांपैकी रबराचा किंवा स्पँडेक्सचा गाभा असतो आणि त्याभोवती पॉलिस्टर किंवा सुताचं वेष्टण. बाहेरून दिसतं ते वेष्टण शाबूत राहतं. आतला गाभा मात्र हवेतल्या ऑक्सिजननं, ऊन आणि उष्णतेनं हळूहळू झिजत जातो. रबर ठिसूळ होऊन त्याचा चुरा होतो. तोच तो चरचर आवाज. स्पँडेक्स त्या मानानं चिवट, पण क्लोरीनच्या ब्लीचनं तोही खराब होतो.

कापड आणि इलॅस्टिक एकाच दिवशी विकत घेतलेले असले, तरी दोघांचं आयुष्य सारखं नसतं. चांगली सुती चादर इलॅस्टिकपेक्षा कितीतरी जास्त टिकते. एवढं लक्षात घेतलं, की इलॅस्टिक गेल्याचा राग येत नाही. ते जाणारच असतं. आपण त्याला बाहेर काढायची वाट ठेवलेली असावी, एवढंच. आपल्या परकराला, लेंग्याला, पिशवीला नेफा आणि नाडी होती, ती याचसाठी. आधी झिजणारी वस्तू वेगळी काढता येत होती. थेट शिवलेल्या इलॅस्टिकनं शिवणाऱ्याचा वेळ वाचतो, पण ते गेलं की सबंध चादर जाते.

तरी ते जास्त दिवस टिकावं म्हणून काही गोष्टी करता येतात. या चादरी कडक उन्हात वाळत घालू नका. घालायच्याच असतील तर इलॅस्टिकची कड दोरीवर सावलीच्या बाजूला येऊ द्या. उकळतं पाणी नको, क्लोरीनचं ब्लीच नको. इस्त्री करायची तर कड सोडून. आणि चादर काढताना एका कोपऱ्याला धरून हिसका देऊ नका. चारी कोपरे एकेक करून सोडवा. धुलाई यंत्राचं कव्हर, सोफ्याच्या गाद्यांचे अभ्रे, यांनाही हेच लागू. जिथे सारखं काढा-घाला नसते, अशा कव्हरांना मी आता इलॅस्टिक घालतच नाही. सरळ नाडी ओवते. ती कुजत नाही, सैलही पडत नाही.

आता चादरीचं पुढे काय झालं ते सांगते. दोन्ही चादरी आलटून पालटून चालू झाल्या. ताणलेल्या चादरीवर हात फिरवला की सपाट लागे. आईंचा डाग आठ-दहा दिवसांत फिका झाला आणि मग गेला. तो चादरीनं गेला असं मी म्हणणार नाही. खरं काम दर दोन तासांनी कूस बदलण्याचं आणि पाठ कोरडी ठेवण्याचं. त्यात रात्रीचे गजर माझे आणि यांचे वाटून घेतलेले. पण रोज सकाळ-संध्याकाळ चादरीशी जी झटापट व्हायची, ती थांबली. आणि तो वेळ मला आईंजवळ नुसतं बसायला मिळाला.

दोन महिन्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानं पंपावर चालणारी हवेची गादी आणली. मी मोठ्या अभिमानानं तिच्यावर माझी इलॅस्टिकची चादर चढवली. सिस्टरनी पाहिलं आणि लगेच काढायला लावली. म्हणाल्या, "हिच्यावर चादर सैल हवी. ताणून बसवली, तर माणूस झोळीत ठेवल्यासारखा चादरीवरच तरंगतो. हवेचे कप्पे खाली फुगतात आणि बसतात, पण अंगाला त्याचा उपयोग होत नाही." माझं तोंड उतरलं. आई म्हणाल्या, "अगं, फोमला घट्ट लागतं, हवेला सैल लागतं. तुझं काही वाया नाही गेलं. तूच झोप त्यावर." मग त्यांच्या कॉटशेजारी मी माझी कॉट लावली आणि त्या दोन्ही चादरी मी वापरू लागले. घरी कुणी अंथरुणावर असेल, तर हा फरक जरूर लक्षात ठेवा आणि गादी आणतानाच जाणत्या माणसाला विचारून घ्या.

त्या दिवसांत आईंना अंथरुणावर पडून एकच टोचणी होती, की आता आपला कुणाला उपयोग नाही. चादरीचं काम निघालं आणि त्या पुन्हा सांगत्या झाल्या. पुढे शेजारच्या दोघी-तिघी आपापल्या चादरी घेऊन येऊ लागल्या. आई उजेडाकडे धरून सांगायच्या, "ही ठेव. ही नको, हिचे अभ्रे कर." शिवायला मी असे, पण निकाल त्यांचा असे.

2018 च्या थंडीत आई गेल्या.

चादरी राहिल्या. पुढे पाच वर्षांनी, 2023 मध्ये, एका सकाळी उठून पाहिलं तर नऊवारीच्या पट्टीच्या चादरीचा कोपरा वर आलेला. कड ओढून पाहिली. चरचर वाजली. मी चादर पलंगावर उलटी पसरली आणि कड चाचपत गेले. एका कोपऱ्याजवळ लाल दोरा दिसला. बराच विटलेला, पण लाल.

तो टाका सोडवायला कात्रीसुद्धा लागली नाही. जुनं इलॅस्टिक काढलं, नवं ओवलं, कोपऱ्यांवर टिपा दिल्या. सगळं मिळून अर्धा तास लागला. पहिल्या वेळी चार दिवस लागले होते. मग आईंच्या डब्यातून लाल दोऱ्याचं रीळ काढलं आणि नेफ्याच्या तोंडावर पुन्हा कच्चा टाका घातला.

तेव्हा आज संध्याकाळी कपाटाच्या तळाशी हात घाला. एखादी चादर निघेलच. खिडकीशी नेऊन कापड बघा. कापड चांगलं असलं तर पुढचं काम अवघड नाही. आणि तोंड शिवताना लाल दोरा घ्यायला विसरू नका.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)